तनीला बसलेले पाच जण

श्री रसिकजन मनोल्लासिनी गान सभेच्या मार्गळी महिन्यातल्या संगीत महोत्सवात मृदंगम एकट्याने वाजू लागलं की सभागृहातले चारशे दहा रसिक उठून कॅन्टीनमध्ये जातात. ही प्रथा सभेच्या स्थापनेपासून चालत आलेली असून तिच्याविषयी आजवर कोणाचीही तक्रार नव्हती. तक्रार होती ती फक्त मृदंगम वाजवणाऱ्याची. आणि सभेच्या घटनेनुसार कलाकार हा सभासद नसल्यामुळे त्याची तक्रार ही तक्रार म्हणून धरता येत नाही.

मी या सभेचा मानद सहसचिव. नाव कल्याणसुंदरम, राहणार मैलापूर, देवळाच्या तळ्याच्या दक्षिणेला. मानद म्हणजे काम सगळं, अधिकार काही नाही, पण कॅन्टीनच्या रांगेत उभं राहावं लागत नाही. ही शेवटची सोय नसती तर मैलापुरातल्या एकाही सभेला सहसचिव मिळाला नसता. आमच्याकडे मैफलीला कच्चेरी म्हणतात. मराठी वाचकांना हा शब्द ओळखीचा वाटेल, आणि ते वाटणं अगदीच चुकीचं नाही.

तर कच्चेरीत गायकाचा मुख्य राग गाऊन झाला की तो मृदंगमवाल्याकडे बघून मान हलवतो आणि आपण पाण्याचा घोट घेऊन हाताने नुसता ताल धरतो. तिथून पुढे काही मिनिटं मृदंगमची. याला तनी म्हणतात. तनी म्हणजे एकट्याने. आमच्या रसिकांनी हा शब्द जरा जास्तच मनावर घेतला आहे.

विद्वान जंबुनाथन, वय चौऱ्याहत्तर, हे आमच्या सभेत पन्नास वर्षं मृदंगम वाजवत आले. गेली अकरा वर्षं दर कार्तिकात त्यांचं एक पोस्टकार्ड येई. मजकूर एकच. 'तनीच्या वेळी लोक उठतात. या वर्षी बसवावेत ही विनंती.' त्यावर मी 'पाहिले' असा शेरा मारून ते फाइलला लावत असे. या वर्षीच्या कार्डावर दोन वाक्यं जास्त होती. 'बोटांची सूज वाढली आहे. माझा हा शेवटचा मार्गळी.' त्यावरही मी 'पाहिले' लिहिलं, कारण दुसरा शेरा आमच्याकडे रूढ नाही.

हे कार्डही मागच्या कार्डांच्या वाटेने गेलं असतं. पण त्याच आठवड्यात परदेशातल्या एका संस्थेचा छापील तक्ता आला. ही संस्था जगातल्या आवर्जून जाण्याजोग्या शास्त्रीय संगीत महोत्सवांची यादी काढते. यादीत यायचं असेल तर बावीस रकाने भरून द्यायचे आणि शेवटच्या दिवशी त्यांचा निरीक्षक येणार. एकवीस रकाने मी एका बैठकीत भरले. नववा रकाना असा होता : 'एकल वादन चालू असताना आसनांवर असलेले श्रोते, टक्के.'

ताबडतोब कार्यकारिणी बसली. अध्यक्ष शठगोपन हे वेधशाळेतून निवृत्त झालेले. कोणतीही गोष्ट ते ठाम सांगत नाहीत.

"नवव्यात काय लिहिलंस?" त्यांनी विचारलं.

"सार, शून्य लिहू का?"

"शून्याची शक्यता नाही. तो व्हायोलिनवाला बसलेला असतो की."

"तो स्टेजवर असतो, सार."

"आणि अलमेलू मामी?"

अलमेलू मामी म्हणजे पहिल्या रांगेतली चौथी खुर्ची. बेचाळीस वर्षं त्याच खुर्चीत बसून त्यांनी तीन पिढ्यांच्या गायकांचे स्वर सुधारले आहेत, तेही मोठ्याने. रसिकांच्या प्रतिनिधी म्हणून त्या बैठकीला हजरच होत्या.

"मी कुठे उठते रे?" मामी म्हणाल्या. "मी खुर्चीवर उशी ठेवून जाते. उशी बसलेली असते."

उशा मोजाव्यात की नाही यावर पाऊण तास चर्चा झाली. निर्णय लागला नाही. मग अध्यक्षांना जंबुनाथन यांच्या कार्डांची आठवण झाली. अकरा वर्षांची कार्डं टाचणीतून सुटून एका दुपारी 'संदर्भ' या पदाला पोचली, आणि त्यांचं म्हणणं समजून घेण्यासाठी मला पाठवण्यात आलं.

जंबुनाथन ओसरीवर बसून गरम पाण्यात बोटं बुडवत होते.

"तुम्हाला नेमकं हवंय काय, मामा?" मी विचारलं. "शाल, सत्कार, ताम्रपट?"

"पाच माणसं," ते म्हणाले. "माझे गुरू कोरनाडचे अंबलवाण पिळ्ळै. त्यांनी एक तनी बांधली होती, सव्वीस मिनिटांची. मला शिकवली आणि अट घातली, की पाच माणसं बसून ऐकत असतील तेव्हाच वाजव. उभ्या माणसाला ती ऐकू येत नाही म्हणाले."

"मग किती वेळा वाजवलीत?"

"एकदाही नाही."

"पन्नास वर्षांत पाच माणसं नाही मिळाली?"

"एकदा मिळाली होती. वाजवणार तेवढ्यात त्यातला एक घोरायला लागला." त्यांनी बोटं पाण्यातून काढून पंच्याला पुसली. "अजून कोणाला शिकवलेली नाही. ऐकलीच नाही कोणी, तर शिकायला कोण येणार? माझ्याबरोबर जाईल ती. म्हणून कार्डं टाकत होतो. तुम्ही वाचत होता ना?"

"पाहत होतो," मी म्हणालो.

महोत्सव सुरू झाला. पहिल्या दिवशी सभागृहाच्या चारही दारांवर पाट्या लागल्या : 'तनी चालू असताना कोणीही जागेवरून उठू नये. हुकुमावरून.' आमचे रसिक कायद्याला मानणारे आहेत. तनी चालू असताना कोणीही उठलं नाही. सगळे तनी चालू होण्याआधीच उठले. गायकाचा कांबोजी राग ऐन रंगात आला होता आणि तो डोळे मिटून वरच्या षड्जावर स्थिर होता. डोळे उघडले तेव्हा समोर चारशे दहा खुर्च्या आणि काही उशा होत्या. गायकाने लेखी निषेध नोंदवला. आजवर जे फक्त मृदंगमचं दुखणं होतं ते आता गळ्यापर्यंत आलं.

तेव्हा दुसरा उपाय ठरला. कच्चेरी चालू असेपर्यंत कॅन्टीन बंद. कॅन्टीन चालवतात पंचापकेशन. एकोणतीस वर्षं ते आमच्याकडे आहेत. त्यांचा केळफुलाचा वडा, त्यांचा रवा डोसा आणि विशेषतः मूगडाळीचा अशोका हलवा, जो केळीच्या पानावर पडल्यावर क्षणभर थरथरतो आणि मग तुपाची कड सोडून स्वस्थ होतो, हे आमच्या सभेचं वैभव आहे. अशोका हलवा इतर सभांतही करतात. पण मी त्याविषयी बोलणं योग्य नाही, मी पदाधिकारी आहे.

"सार, पीठ थांबत नाही," पंचापकेशन म्हणाले. "गाणं थांबवा हवं तर."

पण ठराव झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळपासून कार्यालयातला फोन वाजत राहिला.

"आज कॅन्टीन आहे का?"

"गाणं आहे."

"ते विचारलं नाही हो."

त्या संध्याकाळी सभागृहात एकूण सात जण आले. त्यांतले दोघे गायकाचे नातेवाईक होते, दोघे पंखे दुरुस्त करायला आले होते, आणि उरलेले तिघे शेजारच्या लग्नाला म्हणून चुकून आत शिरले होते. जंबुनाथन यांच्या चेहऱ्यावर आशा दिसली. तनी सुरू होताच नातेवाईक गायकाला भेटायला मागच्या दाराने आत गेले, पंखेवाले कामाला लागले आणि लग्नाच्या तिघांना जेवण इथे नाही हे कळलं.

कार्यकारिणी पुन्हा बसली. या बैठकीत अध्यक्षांनी जो विचार मांडला त्याला तोड नव्हती. ते म्हणाले, की आपण उलट्या बाजूने जोर लावतो आहोत. रसिकांना तनीकडे नेण्याची शक्यता नसेल तर तनी रसिकांकडे नेण्याची शक्यता तपासावी. मी तिथल्या तिथे मसुदा केला : 'ज्या अर्थी तनीच्या वेळी सर्व रसिक कॅन्टीनमध्ये उपस्थित असतात, त्या अर्थी तनी ही कॅन्टीनमध्ये असणे रसिकहिताचे असून, उर्वरित कच्चेरी पूर्ववत सभागृहात चालू राहील.' ठराव एकमताने मंजूर झाला. हात धुण्याची मोरी आणि कॉफीचा कट्टा यांच्या मध्ये एक चौथरा उभा राहिला. ताल धरायला गायकाने कॅन्टीनमध्ये यावं की नाही, हा प्रश्न निघाला. गायकाने कळवलं, की तो येईल, मात्र त्याचं पान आधी मांडलेलं असावं.

मला वाटलं जंबुनाथन चिडतील. त्यांनी एवढंच विचारलं, "लोक बसलेले असतील ना?"

"चारशे दहाच्या चारशे दहा, मामा."

"मग मोरीजवळ का असेना," ते म्हणाले, आणि मला पहिल्यांदा त्यांचे दात दिसले.

नवव्या दिवशी तनी कॅन्टीनमध्ये झाली. सर्व रसिक बसलेले होते. नवव्या रकान्यात मी शंभर लिहिलं आणि खाली रेघ मारली. जंबुनाथन यांनी शाई लावलेल्या कातड्यावर हात टेकवला, पहिले बोल काढले आणि पान क्रमांक बारावरून अलमेलू मामींचा आवाज आला.

"अहो जंबुनाथन, जरा हळू वाजवा! सांबार मागितलं तर चटणी वाढली त्याने!"

त्यांचं म्हणणं रास्त होतं. वाढप्यांना ऐकू येत नव्हतं. डोसा मागणाऱ्याला वडा, वडा मागणाऱ्याला कॉफी, असा घोटाळा माजला. ध्वनिविषयक उपसमिती नेमली गेली आणि तिने दुसऱ्याच दिवशी अहवाल दिला. पहिली सूचना, मृदंगम हळू वाजवावं. दुसरी, हलवा वाढला जात असताना वाजवू नये, कारण हलव्याला मागणी प्रचंड असते आणि प्रत्येकाला दोनदा हवा असतो. तिसरी, मृदंगमवर जाड पंचा टाकून वाजवल्यास कलाकाराचा मान राहून रसिकांची सोय होईल. जंबुनाथन यांनी पंचा टाकून वाजवलं. पण ती सव्वीस मिनिटांची तनी त्यांनी काढली नाही. रोजचीच आठ मिनिटांची वाजवली.

"का हो?" मी नंतर विचारलं. "सगळे बसलेले होते की."

"पानावर बसले होते," ते म्हणाले. "तनीला नव्हते बसले."

हा फरक घटनेत कुठेही नाही, म्हणून मी तो कार्यकारिणीपुढे ठेवला नाही. शिवाय त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं आता नीट वळत नव्हती, हे मला दिसत होतं. मला वाईट वाटलं. मी घरी जाऊन हे बायकोलाही सांगितलं. तिने विचारलं, आज हलवा कसा होता.

पंचा टाकूनही तक्रारी थांबल्या नाहीत. खाताना शेजारी कोणी हळू का होईना वाजवतं आहे याचं दडपण येतं, असं पासष्ट रसिकांच्या सहीचं निवेदन आलं. तोवर निरीक्षक येण्याचा दिवस, म्हणजे महोत्सवाचा शेवटचा दिवस, उद्यावर आला. शठगोपन यांनी तिसरी आणि अंतिम सुधारणा सुचवली. तनीच्या वेळी सभागृह रिकामं असतं. तिथे शांतता आहे, गारवा आहे आणि खुर्च्यांना मऊ गाद्या आहेत. तेव्हा रसिकांच्या भोजनाची व्यवस्था सभागृहात करावी. तनी मात्र कॅन्टीनमध्येच राहील, कारण तिच्या स्थलांतराचा ठराव ताजा असून तो सहा महिने बदलता येत नाही.

"म्हणजे मामा पुन्हा एकटेच," मी म्हणालो.

"तनी म्हणजे तेच ना?" अध्यक्ष म्हणाले.

शेवटच्या दिवशी खुर्च्यांच्या पुढे लांब बाकं लागली, त्यांवर केळीची पानं लागली. निरीक्षक सातव्या रांगेत बसला. तो गोरा, घामेजलेला, गुडघ्यावर वही घेतलेला गृहस्थ होता. गायकाने राग संपवला, सवयीने मृदंगमकडे मान हलवली आणि तिथे मृदंगम नाही हे पाहून पानाकडे वळला. जंबुनाथन आधीच कॅन्टीनमध्ये गेले होते. तिकडून काही ऐकू येत नव्हतं, मधे दोन दारं आणि एक व्हरांडा होता. इकडे वाढप सुरू झालं. केळफुलाचा वडा आला, रवा डोसा आला. सगळे जागेवर बसलेले होते. एकल वादन सुरू झालं आहे, असं मी निरीक्षकाच्या कानात सांगितलं; त्याने सगळे बसलेले पाहून वहीत काही लिहिलं.

मग वाढप थांबलं. दुसरा डोसा येईना. हलवा तर आलाच नव्हता. पाच मिनिटं झाली, दहा झाली. रसिक पानावर बोटांनी ताल धरू लागले. अलमेलू मामींनी उशीवरून मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

"कल्याणसुंदरम," अध्यक्ष कुजबुजले, "हलव्याची शक्यता काय आहे ते बघून ये."

मी रागारागातच गेलो. कॅन्टीन मोकळं होतं. मोरीजवळच्या चौथऱ्यावर कोणी नव्हतं. जंबुनाथन यांनी आपली चटई स्वयंपाकघराच्या दारात आणून अंथरली होती. आत पंचापकेशन एका पालथ्या पातेल्यावर बसले होते. डोशाच्या तव्यावरचे दोघे भाऊ जमिनीवर मांडी घालून बसले होते. कॉफीवाला रगड्याच्या कडेवर बसला होता आणि भांडी घासणारी कुप्पम्माळ हातातली काथ्याची घासणी तशीच धरून उंबऱ्याला टेकून बसली होती. मी मोजले. पाच होते.

पंचापकेशन यांचा उजवा हात मांडीवर ताल धरत होता. एक थाप, करंगळीपासून तीन बोटं, मग थाप आणि उलटा हात, पुन्हा थाप आणि उलटा हात. चुकत नव्हता. मला वाटतं तो एकोणतीस वर्षं भिंतीआड चुकत नसावा. जंबुनाथन यांची दोन बोटं वळत नव्हती, उरलेल्या आठांनी ते वाजवत होते. काय वाजवत होते ते मला सांगता येणार नाही. मी पदाधिकारी आहे, मला त्यातलं कळत नाही. एवढं कळलं, की एक लांबलचक गोष्ट अगदी हळूहळू जवळ येत होती, आणि कुप्पम्माळच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि चुलीवर हलवा लागल्याचा वास सुटला होता. मी 'हलवा' असं ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी शिस्तभंग होऊ दिला. त्याचा मला अजून आनंद वाटतो.

शेवटची थाप पडली. मग जंबुनाथन यांनी मान वर केली.

"दारात कोण?"

"मी, मामा. सहसचिव."

"कधीचा उभा आहेस?"

"बराच वेळ."

"बस म्हणालो असतो रे," ते म्हणाले. "पण तुला हलवा न्यायचा होता ना?"

पुढच्या घडामोडी फाइलीत आहेत. दोन महिन्यांनी यादी प्रसिद्ध झाली आणि आवर्जून जाण्याजोग्या महोत्सवांत आमची सभा पहिली आली. निरीक्षकाचा शेरा आम्ही चौकटीत बसवून दर्शनी भागात लावला आहे : 'संपूर्ण एकल वादनात एकही श्रोता जागचा हलला नाही. अशी तन्मयता जगात अन्यत्र पाहिली नाही. फक्त हलवा मिळाला नाही.'

शेवटच्या वाक्यामुळे सभेची मान खाली गेली आणि चौकशी लागली. पंचापकेशन यांना मीच नोटीस काढली : 'संगीत महोत्सवाच्या सेवेत असताना आपण संगीत ऐकत बसलात, याचा खुलासा करावा.' त्यांचा खुलासा तीन ओळींचा होता. 'एकोणतीस वर्षं भिंतीआडून ऐकलं. त्या दिवशी त्यांनी दारात येऊन बसायला सांगितलं. बसलो.' चौकशी समितीने त्यांना दोषमुक्त केलं, कारण त्यांच्याशिवाय महोत्सव होणं शक्य नव्हतं. दोष तनीचा ठरला. तनी ही स्वयंपाकघराच्या सुरक्षेला धोका असल्याने ती यापुढे बंद करण्यात आली. महोत्सवाचा कार्यक्रम त्यामुळे आटोपशीर झाला असून रसिक समाधानी आहेत. जंबुनाथन यांनी वाजवणं सोडलं. ती तनी शिकायला त्यांच्याकडे कोणी गेलं नाही. पंचापकेशन जातात म्हणे दर सोमवारी, पण ते आचारी आहेत.

कार्तिकात नेहमीप्रमाणे कार्ड आलं. अक्षर वाकडंतिकडं होतं. 'पाच जण बसले. आभार.' मी त्यावर 'पाहिले' लिहिलं आणि नंतर बराच वेळ ते टाचणीला लावलं नाही.

तुम्ही मात्र आमच्या रसिकांसारखे नाही. तुम्ही इथवर बसून वाचलंत, मधे उठला नाहीत. म्हणून एकच विचारतो, मागे न पाहता सांगा. ज्यांनी ती सव्वीस मिनिटांची तनी बांधली, त्या गुरूंचं नाव काय? मी सांगितलं होतं, गावासकट. गायकाने कोणता राग गायला, तेही सांगितलं होतं. आठवत नाही? हरकत नाही, मनाला लावून घेऊ नका. हलवा कोणत्या डाळीचा होता ते आठवतंय ना? मग पुढच्या मार्गळीला नक्की या. पहिल्या रांगेत जागा ठेवतो. येताना उशी तेवढी आणा.